दोन टेकड्यांची मोसंबी

आमच्या बागेतल्या मोसंबीचं सरासरी वजन १९० ग्रॅम निघालं, आणि त्या वजनाचं फळ ढिगात शोधायला गेलो तर सापडेना! अगदीच नव्हतं असं नाही, उकरून उकरून काही मिळाली. पण मोंढ्यात ज्या एका आकड्यावर सगळी बोलणी चालतात, ‘यंदा फळ कसं आहे, वजनाला किती भरतं’ या प्रश्नाला ज्या आकड्यानं उत्तर देतात, तो आकडा माझ्या बागेत जवळजवळ कुठल्याच झाडाला लागलेला नव्हता. निम्मा माल त्याच्या बराच खाली, निम्मा बराच वर, आणि मधे मोकळं मैदान. हे मला एका चित्रानं सांगितलं. चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनं काढलेल्या, एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या आयतांच्या चित्रानं. त्याला आयतालेख म्हणतात, आणि तो काय चीज आहे हे मला इतक्या उशिरा कळावं याचं दुःख करण्यात मी एक मिनिटही घालवणार नाही, कारण आता मला भेटेल त्याला हे सांगायचं आहे.

श्रेय पुतणीला. ती दहावीला आहे. गणित भाग १ मधलं शेवटचं प्रकरण सांख्यिकी. परीक्षेच्या तोंडावर बहुतेक शाळांत ते घाईत उरकतात, आणि माझ्या मते अख्ख्या पुस्तकात शेतकऱ्याच्या पोरानं सगळ्यात आधी शिकावं असं प्रकरण तेच आहे. ती आयतालेख काढत बसली होती, मी शेजारी चहा घेत होतो, आणि सहज म्हणालो, हे तर स्तंभालेखच की, पेपरात येतात तसे. तिनं असं पाहिलं की चहाचा कप खाली ठेवावा लागला.

“काका, स्तंभालेखात दोन खांबांमधे फट असते. यात फट ठेवायचीच नाही.”

फट नाही म्हणजे काय, एवढ्यावरून सगळं सुरू झालं. आपल्या जालना जिल्ह्याचे आठ तालुके घ्या. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा. प्रत्येकातलं कपाशीचं क्षेत्र दाखवायचं तर आठ सुटे खांब काढायचे. मंठा आधी काढा की अंबड आधी, काही बिघडत नाही. तालुक्यांना नाव असतं, मोजपट्टीवर जागा नसते. पण फळाचं वजन, माणसाचं वय, दिवसाचा पाऊस ही सलग वाहणारी मापं आहेत. १४० ते १६० ग्रॅम संपलं की तिथल्या तिथं १६० ते १८० सुरू होतं, मधे दम घ्यायला जागा नाही. म्हणून आयत एकमेकांना खेटून. आणि जर कुठे फट दिसलीच, तर ती काढणाऱ्यानं सोडलेली नसते, निसर्गानं किंवा माणसानं केलेली असते, आणि तिथेच थांबून विचारायचं असतं की बाबा, इथली मंडळी कुठे गेली?

मग काय! आखाड्यावर इलेक्ट्रॉनिक काटा होताच. तोडणी सुरू होती, आंबिया बहाराचा माल, कॅरेटं भरून ठेवलेली. प्रत्येक कॅरेटातून न निवडता फळं उचलायची, एकेक करून काट्यावर ठेवायची, पुतणीनं वहीत खुणा करायच्या. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, ताळ्याच्या खुणा म्हणतात त्यांना. वर्ग वीस-वीस ग्रॅमचे. एखादं फळ बरोबर १६० भरलं तर ते १४०-१६० मधे घालायचं की पुढच्यात? पुढच्यात, असा पुस्तकाचा नियम. सालगडी हसत होता. लाखाचा माल सोडून मालक एकेक फळ जोखतोय म्हणाला. जोखू दे.

संध्याकाळपर्यंत चित्र उभं राहिलं. आडव्या अक्षावर ग्रॅम, उभ्या अक्षावर फळांची संख्या. आणि त्यात दोन टेकड्या! एक दीडशेच्या आसपास, दुसरी सव्वादोनशेच्या पुढे, आणि दोघींमधल्या खोलगट भागात, नेमकी १८० ते २०० च्या वर्गात, आमची सन्माननीय सरासरी बसलेली.

दोन टेकड्या दिसल्या की समजायचं, दोन वेगळी जगं एकाच ढिगात मिसळली आहेत. हा माझा शोध नाही, सांख्यिकीवाल्यांना पक्कं ठाऊक असलेलं आहे, पण मला ते पुस्तकाआधी बागेनं शिकवलं. आमची बाग विहिरीजवळ काळ्या जमिनीत सुरू होते आणि वर मुरमाड उतारावर संपते. खुंट तोच रंगपूर लाइमचा, कलमं एकाच साली लावलेली, ताण एकाच वेळी दिलेला, पाणी एकाच ठिबकचं. दुसऱ्या दिवशी खालच्या तुकड्याची फळं वेगळी जोखली, वरच्या तुकड्याची वेगळी. दोन कागद, आणि दोन्हींवर एकेकच टेकडी, व्यवस्थित, मधोमध फुगलेली. घरात हे जाहीर केलं तेव्हा कारभारीण म्हणाली, “वरची झाडं उपाशी आहेत हे मी दोन वर्षं सांगतेय.” सांगत होती, खरंच. पण ‘वरची झाडं जरा कमी आहेत’ यात आणि ‘वरच्या तुकड्याची सगळीच्या सगळी टेकडी सत्तर-ऐंशी ग्रॅमनं डावीकडे सरकलेली आहे’ यात फरक आहे. पहिल्या वाक्यावर माणूस मान हलवतो, दुसऱ्यावर उठून ठिबकच्या नळ्या तपासायला जातो.

आता वर्गाच्या रुंदीची गंमत ऐका, कारण सगळ्या जादूची चावी तिथे आहे. तेच आकडे मी शंभर-शंभर ग्रॅमच्या वर्गात टाकून पाहिले. दोन टेकड्या गडप. एक जाडजूड ढिगारा, काही न बोलणारा. मग पाच-पाच ग्रॅमचे वर्ग केले, तर कंगव्याचे दात तुटावेत तसं काहीतरी दिसायला लागलं, खाली-वर, खाली-वर, प्रत्येक दातात चार-सहा फळं, आणि त्यात अर्थ शोधायला बसलात तर संध्याकाळ जाईल. वीसच्या वर्गात मात्र चित्र बोललं. म्हणजे आकडे तेच, आणि वर्ग बदलले की त्यांचं म्हणणं बदलतं! यावर मोठमोठ्या लोकांनी डोकं खाजवलं आहे. आयतालेखाला इंग्रजीत हिस्टोग्राम हे नाव कार्ल पिअर्सन यांनी १८९० च्या दशकात दिलं. वर्ग किती असावेत याचा एक ढोबळ नियम स्टर्जेस यांनी १९२६ मध्ये मांडला. डेव्हिड फ्रीडमन आणि पर्सी डायाकोनिस यांनी १९८१ साली वर्गाच्या रुंदीचं आणखी एक सूत्र दिलं, आणि मला उगीचच बरं वाटलं, कारण आपला जिल्हाही औरंगाबादपासून वेगळा होऊन १ मे १९८१ रोजीच झाला. याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. पण ते सूत्र काय सांगतं ते पाहा. मधला निम्मा माल जितक्या पट्ट्यात पसरलेला असेल त्याची दुप्पट करा आणि एकूण संख्येच्या घनमुळानं भागा. म्हणजे आकडे जास्त तर वर्ग अरुंद ठेवायची मुभा, आकडे थोडे तर वर्ग रुंद. पन्नास फळं जोखून पाच-पाच ग्रॅमचे वर्ग पाडण्याचा अधिकार तुम्हाला नाही, असं ते सूत्र बजावतं. मी तरी आता कुठलाही आयतालेख दिसला की आधी खालची पट्टी वाचतो. वर्ग केवढे, सुरुवात शून्यापासून की मधूनच, एकूण आकडे किती. खांबांकडे नंतर.

एवढं झाल्यावर माझी अवस्था गावात नवा कॅमेरा आणलेल्या माणसासारखी झाली. दिसेल त्याचा आयतालेख! आणि यातला सगळ्यात झकास सापडला तो जन्मतारखांचा.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर मनातल्या मनात उघडा. जन्मतारखेचा रकाना घ्या आणि वर्षभराच्या तारखांवर फळांसारखी मुलं रचा. बाळं काही पंचांग पाहून जन्माला येत नाहीत. थोडं इकडेतिकडे झालं तरी आयत साधारण सारख्या उंचीचे यायला हवेत. आणि येतो काय? १ जूनवर बुरूज! आपल्या सगळ्यांच्या घरात एकतरी १ जूनवाला आहे. आईला आठवायचं ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी’ किंवा ‘बहात्तरच्या दुष्काळात, खडी फोडायला जायचे तेव्हा’. शाळा जूनमधे उघडायची, पोरगं सहा वर्षांचं दिसायला हवं, गुरुजी दौत उघडून बसलेले. लिहिली १ जून. तो बुरूज म्हणजे हजारो मुख्याध्यापकांच्या हातांचा ठसा आहे, आणि तो तिथेच थांबत नाही, पुढे निवृत्तीच्या वयापर्यंत सरकत राहतो. १ जूनला जन्मलेला सरकारी नोकर नियमानं आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणून दर वर्षी ३१ मे आला की राज्यभरातल्या कचेऱ्यांत शाल-श्रीफळांची रांग लागते, एकाच दिवशी टेबलंच्या टेबलं रिकामी होतात. निवृत्तीच्या तारखांचा आयतालेख काढला तर तोच बुरूज तिथेही उभा. मला हे कळलं तेव्हा मी एकटाच मोठ्यानं हसलो.

निसर्ग गुळगुळीत टेकड्या करतो. अचानक उभा कडा किंवा एकटा सुळका दिसला की तिथे बहुधा माणूस असतो. हे एकदा डोक्यात बसलं की परीक्षेच्या गुणांकडे निराळ्याच नजरेनं पाहायला लागतो आपण. पोलंडमधे शालान्त परीक्षा असते, मातुरा नावाची, उत्तीर्ण व्हायला ३० टक्के लागतात. तिथल्या पोलिश भाषेच्या पेपरच्या गुणांचा आयतालेख सांख्यिकीच्या वर्गांत आवडीनं दाखवतात. छान घंटेच्या आकाराची टेकडी, आणि ३० च्या लगेच आधी एकदम खड्डा, ३० वर सुळका. २८-२९ वाली पोरं कुठे गेली? परीक्षकांच्या दयाबुद्धीनं उचलून पलीकडे ठेवली. आपल्याकडच्या ३५ बद्दल मी काही बोलत नाही, वाचकांत निवृत्त शिक्षक बरेच असतील.

वयाचंही तसंच. आजीला वय विचारलं तर ती ‘साठ-पासष्ट’ म्हणते, त्रेसष्ट कधीच म्हणत नाही. जनगणनेत एकेका वर्षाचे आयत काढले की ३०, ३५, ४०, ४५ वर खांब वर उसळलेले आणि त्यांचे शेजारी बसके. लोकसंख्याशास्त्रज्ञांनी याचं माप करून ठेवलं आहे, व्हिपल निर्देशांक. शून्य आणि पाच या अंकांचं वेड नसेल तर १००, आणि सगळ्यांनीच वय शून्य-पाचवर सांगितलं तर ५००. मजा म्हणजे हेच आकडे पाच-पाच वर्षांच्या गटांत टाकले की उसळी बरीचशी दिसेनाशी होते. पाचाच्या वर्गानं आजीचा अंदाज पोटात घातला. कधी कधी रुंद वर्ग ही लबाडी नसते, शहाणपण असतं.

आता जमिनीकडे येतो, कारण तिथे आयतालेखाचं दुसरं रहस्य आहे आणि ते पुतणीच्या पुस्तकात जवळजवळ नाहीच. पुस्तकातले वर्ग सगळे सारख्या रुंदीचे. सरकारची कृषिगणना, १९७०-७१ पासून दर पाच वर्षांनी होते ती, खातेदारांचे वर्ग असे पाडते: १ हेक्टरच्या आत अत्यल्प, १ ते २ अल्प, २ ते ४ अर्धमध्यम, ४ ते १० मध्यम, आणि १० च्या वर मोठे. पाहिलंत? पहिला वर्ग एका हेक्टरचा, चौथा सहा हेक्टरचा! हे पाचही सारख्या रुंदीच्या खांबांनी काढले तर चित्र खोटं बोलतं. आयतालेखात माणसं उंचीत मोजायची नसतात, क्षेत्रफळात मोजायची असतात. नावातच आयत आहे की! चौथ्या वर्गाचा खांब सहापट रुंद काढायचा आणि त्याची उंची सहानं भागायची. तसं केलं की चित्र एकदम बदलतं. डावीकडे उंच सरळसोट कडा, आणि उजवीकडे जमिनीला चिकटून लांबच लांब जाणारं शेपूट.

२०१५-१६ च्या कृषिगणनेत महाराष्ट्राची सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर आली. १९७०-७१ ला ती ४.२८ होती. पण निम्मे खातेदार १ हेक्टरच्याही आतले आहेत आणि दर पाचांतले जवळपास चार २ हेक्टरच्या आतले. शेपटातल्या थोड्या मोठ्या खातेदारांनी सरासरी आपल्याकडे ओढून घेतली आहे. असं उजवीकडे शेपूट असलेलं चित्र दिसलं की सरासरीपेक्षा मध्यक विचारावा, म्हणजे सगळ्यांना रांगेत उभं केलं तर मधोमध कोण उभा आहे. मोसंबीत सरासरी दरीत पडली होती, इथे ती उताराला लागली आहे. वर्तमानपत्रवाल्यांना माझी विनंती आहे की सरासरी छापायचीच असेल तर शेजारी दोन बोटांचा आयतालेख छापा. जाहिरातीतून तेवढी जागा निघेल.

आणि पाऊस! जिल्ह्याची सरासरी वर्षाला सहाशे-सातशे मिलीमीटरच्या आसपास, हे कोणीही सांगेल. हवामान खात्याच्या लेखी २.५ मिलीमीटर किंवा त्याहून जास्त पडला तरच तो पावसाचा दिवस. जून ते सप्टेंबरचे १२२ दिवस या मापानं रचले तर निम्म्याहून जास्त दिवस पहिल्याच खांबात कोंबले जातात, कोरडे किंवा नावापुरते शिंतोड्याचे. मग १५ मिलीमीटरपर्यंतच्या हलक्या पावसाचे, मग त्यापुढचे मध्यम, आणि अगदी उजव्या टोकाला, भल्या मोठ्या मोकळ्या जागेनंतर, एखाद-दुसरा दिवस, ६५ च्या पलीकडचा. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलीमीटर ओलांडले की अतिवृष्टी, हे आता आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ आहे. बंधारे भरतात ते या टोकाच्या दिवसांनी आणि माती वाहून जाते तीही यांनीच. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यानं हे टोक पाहिलं. ‘सरासरीच्या इतके टक्के पाऊस’ ही बातमी ऐकताना मला आता हे शेपूट डोळ्यांसमोर दिसतं, आणि पुढचा प्रश्न आपोआप तोंडात येतो, किती दिवसांत?

इथेच मला आयतालेखाची एक खोड सापडली, आणि ती सापडल्यावर त्याच्यावरचं प्रेम वाढलं, कारण आता तो ओळखीचा झाला. त्याला काळ कळत नाही. मृगातले २० मिलीमीटर आणि हस्तातले २० मिलीमीटर तो एकाच खान्यात टाकतो. पेरणी झाल्यावर सलग २१ दिवसांचा खंड पडला तर सोयाबीन करपतं, पीकविम्याच्या भाषेतही हा २१ दिवसांचा खंड महत्त्वाचा असायचा, पण आयतालेखात तो दिसणारच नाही! कोरडे दिवस सलग आले की एकआड एक, खांब तेवढ्याच उंचीचा. आमच्या वडिलांची जुनी वही आहे, तीत पाऊस नक्षत्रवार लिहिलेला: मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, कुठे ‘चांगला’, कुठे ‘भुरभुर’, कुठे नुसती रेघ. आकडा एकही नाही. पण क्रम आहे, आणि क्रम हीच गोष्ट आयतालेखानं टाकून दिली होती. मी दोन्ही कागद आता एकाशेजारी एक ठेवतो.

विम्याचा विषय निघालाच आहे तर पीक कापणी प्रयोगाचं सांगितलं पाहिजे. हा प्रकार आपल्या देशात शास्त्रशुद्ध पायावर उभा करणाऱ्यांत एक मराठी माणूस होता, हे किती जणांना माहीत आहे? डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध हे गाव. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालक झाले. त्यांचा आणि वि. गो. पानसे यांचा शेतकी संशोधकांसाठीचा सांख्यिकीचा ग्रंथ १९५४ साली निघाला. उत्पादन मोजायला शेतात लहान तुकडा आखायचा की मोठा, यावर सुखात्म्यांचा आणि प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या संप्रदायाचा मतभेद होता. सुखात्म्यांचं म्हणणं असं की तुकडा फार लहान घेतला तर काठावरचं रोप आत धरायचं की बाहेर, या शंकेत ते बहुधा आतच धरलं जातं, आणि उत्पादन फुगतं. किती साधी गोष्ट, आणि केवढी खोल! याचा अर्थ टेकडीचा आकार अगदी देखणा असूनही ती अख्खीच्या अख्खी उजवीकडे सरकलेली असू शकते, आणि ते चित्राकडे बघून कळायचं नाही. काटाच चुकीचा असेल तर आयतालेख निमूट चुकीच्या जागी उभा राहतो. हे वाचल्यावर मी आमचा काटा किलोच्या वजनावर तपासून घेतला. बरोबर निघाला, देवाची कृपा.

विम्यात मंडळातल्या प्रयोगांची सरासरी काढतात आणि उंबरठा उत्पादनाशी ताडतात. उंबरठा म्हणजे मागच्या ७ वर्षांतल्या चांगल्या ५ वर्षांची सरासरी, तिला जोखीमस्तरानं गुणून. सगळीकडे सरासरीच! मंडळातल्या शेतांच्या उत्पादनाची टेकडी डोळ्यांसमोर आणा. तुमचं मुरमाड वावर तिच्या डाव्या टोकाला, एकरी दोन क्विंटलवर, आणि मंडळाची सरासरी उंबरठ्याच्या वर. तुमचं पीक गेलं, मंडळाचं गेलं नाही. पारावर यावर होणारी भांडणं मी पुष्कळ ऐकली आहेत. पण भांडण नेमकं कशाबद्दल आहे, टेकडीच्या मध्याबद्दल की तिच्या पसरटपणाबद्दल, हे पेन्सिलीनं काढून दाखवलं की आवाज खाली येतात, निदान पाच मिनिटं.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सळया बनतात, त्यांचंही असंच. १२ मिलीमीटरची सळई मीटरला ०.८८८ किलो भरायला हवी, आणि भारतीय मानक तिला ५ टक्के खालीवर होऊ देतं. आता दोन ढीग कल्पा, दोन्ही मर्यादेच्या आतले. एकाची टेकडी बरोबर ०.८८८ वर उभी, दुसऱ्याची खालच्या मर्यादेला टेकून. तपासणीत दोन्ही पास. पण सळई नगावर घेणाऱ्यानं आणि किलोवर घेणाऱ्यानं कुठला ढीग निवडावा, याचं उत्तर वेगवेगळं येईल. घर बांधणाऱ्यांनी जरा विचार करावा.

आणि ज्याच्यामुळे माझी झोप उडाली ते सगळ्यात शेवटी कळलं. दामोदर धर्मानंद कोसंबी! इतिहासकार म्हणून नाव ऐकलेलं, ते मुळात गणिती. त्यांनी आहत नाणी, म्हणजे ठसे मारलेली चांदीची प्राचीन नाणी, एकेक करून काट्यावर जोखली. कशासाठी? टांकसाळीतून निघताना नाण्यांची वजनं जवळजवळ सारखी असतात, टेकडी अरुंद आणि उंच. मग ती हातोहात फिरतात, झिजतात, आणि सगळी सारखी झिजत नाहीत. म्हणून जितकी जास्त फिरली तितकी टेकडी डावीकडे सरकते आणि पसरतही जाते. टेकडी किती सरकली आणि किती पसरली यावरून कुठली नाणी जास्त काळ चलनात होती ते सांगता येतं. आपल्या काळातली चलनी नाणी जोखून त्यांनी हा तर्क पडताळूनही पाहिला. आपलं भोकरदन म्हणजे सातवाहन काळातलं भोगवर्धन, व्यापाराचं गाव, तिथल्या बाजारात किती हातांतून किती नाणी झिजली असतील! मोसंबी जोखणारा मी आणि नाणी जोखणारे कोसंबी. काटा तोच, म्हणून एकाच वाक्यात घालण्याचा आगाऊपणा केला.

मग राहवेना. गावातल्या किराणा दुकानदाराकडून पाच रुपयांच्या नाण्यांचा डबा मागून आणला आणि एकेक नाणं काट्यावर. पुन्हा दोन टेकड्या, आणि या वेळी मधे साफ मोकळं, एक नाणंही नाही. १९९२ नंतरची जाड, तांबं-निकेलची नाणी ९ ग्रॅमची, २००७ पासूनची पोलादी आणि त्यानंतरची पहिली पिवळी ६ ग्रॅमची. ७ आणि ८ ग्रॅमला काही नाही, कारण या प्रकारांत टांकसाळीनं तसं नाणं पाडलंच नाही. आमच्या काट्याचा काटेकोरपणा एका ग्रॅमचा, त्यामुळे झीज काही दिसली नाही. त्यासाठी सोनाराचा काटा लागेल. पुतणीनं तोवर सोनारकाकांना फोन लावला होता, आणि दुकानदार ओट्यावर उभा राहून विचारत होता की डबा आज मिळणार की उद्या, गिऱ्हाइकाला सुटे द्यायचेत.